पात्यावरचा लांडगा

नागपूरचे पहिले रघूजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ साली लंडनमधील एका लिलावातून मिळवली. वाहतूक व विमा धरून तिच्यासाठी सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये खर्च आला आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईस येऊन पोहोचली. ही बातमी तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. या तलवारीच्या मुठीवर सोन्याचे नाजूक नक्षीकाम आहे. पाते सरळ व एकधारी आहे. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने देवनागरी अक्षरांत रघूजींचे नाव व त्यांचा ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब लिहिला आहे. या लेखाचा शेवटचा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. तो शब्द म्हणजे ‘फिरंग’.

फिरंग म्हणजे फिरंग्यांच्या मुलखातून आलेल्या पात्याची तलवार. मूठ आपल्याकडची, पाते युरोपातले. रघूजींच्या तलवारीचे पातेही युरोपीय बनावटीचे आहे, आणि ही गोष्ट मालकाने लपवली तर नाहीच, उलट सोन्याच्या अक्षरांत मिरवली! सतराव्या व अठराव्या शतकांत अशी पाती पोर्तुगीज, डच व इंग्रज व्यापाऱ्यांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरत आणि घाट चढून दख्खनच्या बाजारपेठांत येत. त्यांतली कितीतरी मूळची जर्मनीतील होती. हिंदुस्थानातील शस्त्रांच्या जुन्या वर्णनांत ‘अलेमानी’ नावाची एक तलवार आढळते. पोर्तुगीज भाषेत जर्मन माणसाला आजही ‘अलेमांव’ म्हणतात, हे ध्यानात घेतले की या नावाचा उलगडा होतो.

आमच्या बीड जिल्ह्याला हा विषय परका नाही. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी राक्षसभुवन हे गाव आहे. तेथे १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर त्या लढाईत पडला. रघूजींचे पुत्र जानोजी भोसले आधी निजामाच्या बाजूस होते, ते ऐन वेळी पेशव्यांकडे वळले. पुढे ११ मार्च १७९५ रोजी आमच्या जिल्ह्याच्या सीमेलगत खर्डे येथे मराठे व निजाम यांची मोठी लढाई झाली. अशा या मुलखात जुन्या वाड्यांत, देवघराच्या कोनाड्यांत, देवळांत जुनी पाती अजून सापडतात. खंडेनवमीला त्यांची पूजा होते आणि वर्षभर ती फडक्यात गुंडाळून ठेवली जातात. असे एखादे पाते कोठून आले असेल, हे कसे ओळखायचे? या प्रश्नात इतिहासाइतकेच भौतिकशास्त्रही आहे.

नाव सांगे एक, पाते सांगे दुसरे

पात्यावर एखादे चिन्ह किंवा नाव दिसले की आपण लगेच निष्कर्षावर उडी मारतो. ही उडी किती धोक्याची आहे, हे एका लांडग्याच्या गोष्टीवरून कळेल.

जर्मनीत डॅन्यूब नदीच्या काठी पासाऊ नावाचे शहर आहे. शहराच्या मानचिन्हात लांडगा आहे. तेथील पाती बनवणारे कारागीर आपल्या मालावर छिन्नीच्या पाच-सात घावांत धावत्या लांडग्याची आकृती कोरत आणि त्या रेषांत पितळेची तार ठोकून बसवत. हा माल नावाजला गेला. तेव्हा दूर ऱ्हाइन नदीच्या बाजूला असलेल्या सोलिंगेन गावच्या कारागिरांनीही आपल्या पात्यांवर लांडगा कोरायला सुरुवात केली! सोलिंगेनचा माल मुळीच हलका नव्हता. पण गिऱ्हाईक लांडगा मागत होते, म्हणून लांडगा दिला गेला.

तीच गोष्ट नावांची. सोळाव्या शतकात उत्तर इटलीतील बेलुनो येथे आंद्रेआ फेरारा नावाचा नामांकित कारागीर होऊन गेला. त्याचे नाव असलेली पाती पुढे शे-दीडशे वर्षे बनत राहिली आणि त्यांतील बरीचशी सोलिंगेनमध्ये बनली. काही पात्यांवर नावातील अक्षरेसुद्धा चुकलेली आहेत. इटलीतील जिनोआ शहराशी जोडले जाणारे एक चिन्हही प्रसिद्ध आहे: दोन चंद्रकोरी आणि त्यांना पापणीच्या केसांसारखे दाते. युरोपात इतरत्र तर त्याची नक्कल झालीच, पण आपल्याकडच्या लोहारांनीही ते देशी पात्यांवर उमटवले. काही जुन्या पात्यांवर ‘१४१४’ असा आकडा असतो. तो पाहून पाते इसवी सन १४१४ चे आहे असे समजू नये. सतराव्या शतकातील पात्यांवरही हा आकडा आढळतो. लोक त्याला शुभ समजत एवढेच.

अलीकडच्या काळातही हे चालूच राहिले. १९३३ ते १९४५ या काळात सोलिंगेनच्या कारखान्यांनी नाझी राजवटीच्या सैनिकी व निमसैनिकी दलांसाठी खंजीर बनवले. युद्ध संपल्यावर विजयी सैनिकांनी ते आठवण म्हणून घरी नेले. पुढे संग्राहकांत त्यांना मोठी किंमत येऊ लागली आणि मग बनावट खंजिरांचा सुकाळ झाला. काही नकलांमध्ये तर कारखान्यांत उरलेले जुने खरे सुटे भाग जोडलेले असतात. प्रत्येक भाग खरा, पण वस्तू खोटी! आपली फिरंग याच्या अगदी उलट आहे. तिचे पाते एका खंडातले, मूठ दुसऱ्या खंडातली, आणि तरी ती पूर्ण अस्सल आहे.

तात्पर्य, चिन्ह हा पुरावा आहे, पण तो एकट्याने ग्राह्य धरता येत नाही. साक्षीदाराची उलटतपासणी करावी तशी पात्याचीही करावी लागते.

गोदावरीच्या खोऱ्यातले पोलाद

येथे एक शंका मनात येते. जर्मनीहून पाती कशाला आणायची? आपल्याकडे चांगले पोलाद नव्हते काय?

होते, आणि जगात नाणावलेले होते. राक्षसभुवनावरून गोदावरी पुढे आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्याकडे जाते. त्या जिल्ह्यातील कोनसमुद्रम या गावी मुशीत पोलाद तयार करीत. इराणचे व्यापारी ते घेण्यासाठी तेथवर येत. व्हॉयसी या संशोधकाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा उद्योग स्वतः पाहून त्याचे वर्णन लिहिले आहे. या पोलादाला युरोपात ‘वूट्झ’ असे नाव पडले. त्याचे मूळ कानडीतील ‘उक्कु’ या शब्दात असल्याचे सांगतात. मायकेल फॅरेडे यानेसुद्धा विजेवरील आपल्या प्रसिद्ध शोधांच्या आधी या पोलादावर प्रयोग केले होते.

या पोलादात कार्बनचे प्रमाण साधारण दीड टक्का असते. वितळलेले पोलाद सावकाश थंड होते आणि पुढे बेताच्या तापमानाला ठोकले जाते, तेव्हा लोह व कार्बन यांचे कठीण संयुग, म्हणजे सिमेंटाइट, थराथरांनी जमते. पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी जी नक्षी दिसते, ती या थरांचीच. तिला ‘जौहर’ म्हणतात. व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचे अत्यल्प अंश या थरांना कारणीभूत होतात, असे १९९८ साली अमेरिकन संशोधकांनी प्रयोगांनी दाखवून दिले.

परंतु प्रत्येक गुणाची किंमत मोजावी लागते. कार्बन जितका जास्त, तितकी धार टिकाऊ. पण ठिसूळपणाही जास्त. शिवाय मुशीतून निघणारी वडी मुठीत मावेल एवढी. ती फार तापवून ठोकली तर तुकडे उडतात, कमी तापवली तर दबत नाही. अशा वडीतून गजभर लांबीचे सरळ पाते काढणे हे फार वेळखाऊ आणि खर्चाचे काम.

सोलिंगेनजवळ वुपर नदी वाहते. तिच्या व ओढ्यांच्या पाण्यावर चाके फिरत आणि त्यांवर पाती घासली जात. आजूबाजूच्या रानातून कोळसा मिळे. घडवणारा वेगळा, पाणी देणारा व घासणारा वेगळा, मूठ चढवणारा वेगळा, अशी कामाची वाटणी पंधराव्या शतकातच झाली होती. त्यामुळे लांब, सारख्या मापाची, वाकवली तर पुन्हा सरळ होणारी पाती तेथे मोठ्या संख्येने आणि बेताच्या किमतीत निघत. त्यांच्यात कार्बन एक टक्क्याहून कमी असल्याने ती अधिक चिवट असत. दख्खनच्या शिलेदाराने दोन्ही पोलादांचे गुण ओळखले आणि आपल्या लढण्याच्या रीतीला सोयीचे ते निवडले. यात कमीपणा तो कसला?

पन्हळीचे गणित

युरोपीय पात्यांवर लांबीच्या दिशेने एक, दोन किंवा तीन पन्हळी असतात. ‘रक्त वाहून जाण्यासाठी पन्हळ’ असे गावोगाव सांगितले जाते. खरे कारण मात्र कागद-पेन्सिल घेऊन काढता येते.

समजा, पात्याचा छेद आयताकृती आहे. त्याची रुंदी ३० मिलिमीटर व जाडी ६ मिलिमीटर. छेदाचे क्षेत्रफळ १८० चौरस मिलिमीटर झाले. आता दोन्ही बाजूंनी मधोमध १० मिलिमीटर रुंद व दीड मिलिमीटर खोल पन्हळ काढू. क्षेत्रफळ १५० उरते. ९० सेंटिमीटर लांबीच्या पात्यात सुमारे २१० ग्रॅम पोलाद वाचले. वजन सहाव्या हिश्शाने घटले.

ताठरपणाचे काय? आयताकृती छेदाचा ताठरपणा ‘रुंदी × जाडीचा घन ÷ १२’ या राशीच्या प्रमाणात असतो. चपट्या बाजूने वाकवताना मूळ पात्यासाठी ही राशी ५४० येते, पन्हळीच्या पात्यासाठी ३८२.५. म्हणजे ताठरपणा कमी झाला. पण तुलना सारख्या वजनाच्या पात्यांत केली पाहिजे. पन्हळ न काढता तेवढेच वजन ठेवायचे तर जाडी ५ मिलिमीटर करावी लागेल. तेव्हा राशी येते ३१२.५. म्हणजे सारख्याच वजनात पन्हळीचे पाते सुमारे २२ टक्के अधिक ताठर! धारेच्या दिशेने, म्हणजे प्रत्यक्ष घाव घालताना, मूळ पात्याची राशी १३५०० आणि पन्हळीची १३२५०. तूट दोन टक्क्यांहूनही कमी.

कारण उघड आहे. वाकताना छेदाच्या मध्यरेषेजवळच्या धातूवर ताण कमी पडतो, कडेच्या धातूवर अधिक पडतो. मधला धातू काढला तर फारसे बिघडत नाही. रेल्वेच्या रुळाचा किंवा इमारतीतील लोखंडी तुळईचा छेद पाहा. तेथेही मधला भाग बारीकच ठेवलेला असतो.

घरच्या घरी तपासणी

आता प्रत्यक्ष ओळखीकडे वळू. घरातील वडीलधाऱ्यांच्या परवानगीने व त्यांच्या देखत, सुती हातमोजे घालून पुढील गोष्टी पाहाव्यात. धार बोथट दिसली तरी ती धारच असते, हे विसरू नये.

पहिली गोष्ट, पाते व मूठ यांचा विचार वेगवेगळा करावा. आपल्याकडे पुष्कळ मुठींत पाते लाखेने पक्के केलेले असते. काही मुठींना दोन पट्ट्या असून त्या पात्याला रिबिटांनी जोडलेल्या असतात. यामुळे पाती बदलणे सोपे होते. एका पात्याने तीन पिढ्यांत तीन मुठी पाहिल्या, असेही घडते. मुठीचे वय ते पात्याचे वय नव्हे. मोडलेले पातेही वाया जात नसे. त्याचा तुकडा कट्यारीला बसवत. कट्यारीच्या पात्यावर पन्हळी अर्ध्यातच तुटल्यासारख्या दिसल्या, तर ते पूर्वी लांब फिरंगेचे पाते असण्याचा संभव आहे.

दुसरी गोष्ट, मापे. शाळेतील व्हर्नियर कॅलिपरने पात्याची जाडी मुठीपासून टोकापर्यंत दर १० सेंटिमीटरवर मोजावी व तिचा आलेख काढावा. हाताने घडवलेल्या चांगल्या पात्यात जाडी टोकाकडे क्रमाक्रमाने कमी होत जाते. सजावटीच्या दुकानी तलवारी पत्र्यातून कापलेल्या असतात. त्यांचा आलेख जवळजवळ आडवी रेषा येतो.

तिसरी गोष्ट, चिन्ह. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून ते पाहावे. ठशाने उमटवलेल्या चिन्हाच्या कडेला धातू किंचित उचललेला असतो. आम्लाने कोरलेल्या चिन्हाचा तळ सपाट असतो. गंजाच्या जुन्या खळग्यांना छेदून चिन्हाची ताजी रेषा गेली असेल, तर गंज आधीचा व चिन्ह नंतरचे, हे निश्चित समजावे. लांडग्याच्या रेषांत पितळेचे कण उरले आहेत का, तेही पाहावे.

चौथी गोष्ट, भाषा. ‘मेड इन जर्मनी’ असे इंग्रजी शब्द असतील तर वस्तू साधारणतः १८८७ नंतरची. त्या वर्षी ब्रिटनने परदेशी मालावर उगमाचा देश लिहिण्यासंबंधी कायदा केला. जुन्या वस्तऱ्यांवर हे शब्द व सोलिंगेनचे नाव तुम्ही पाहिले असेल.

घनता मोजून उपयोग होईल का? नाही. वूट्झ, जर्मन पोलाद आणि आजची सळई, सर्वांची घनता पाण्याच्या पावणेआठ पटींच्या आसपास असते. शिवाय जुने पाते पाण्यात बुडवणे म्हणजे गंजाला आवतण. पाते वाकवून ‘स्प्रिंग’ तपासणे तर कटाक्षाने टाळावे. दोनशे वर्षांत आतून पडलेली चीर डोळ्यांना दिसत नाही.

प्रयोगशाळेतील साक्ष

जेथे डोळे व व्हर्नियर थकतात, तेथे क्ष-किरण पुढे येतात. पात्यावर क्ष-किरण टाकले की त्यातील अणू आपापल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण बाहेर टाकतात. त्यांवरून मूलद्रव्ये ओळखता येतात. पात्याला ओरखडाही पडत नाही. समजा, त्यात १३ टक्के क्रोमियम निघाले. मग पात्यावर लांडगा असो की १४१४, ते पाते विसाव्या शतकाच्या आधीचे असू शकत नाही. कारण असे गंजरोधक पोलाद १९१३ च्या सुमारास तयार झाले. मँगनीज भरपूर निघाले तरी संशय घ्यावा. १८५६ साली बेसेमरने पोलाद बनवण्याची नवी रीत शोधली आणि त्यानंतर पोलादात मँगनीज मिसळण्याचा प्रघात पडला.

या पद्धतीची एक मर्यादा आहे. कार्बनचे क्ष-किरण इतके दुबळे असतात की ते हवेतच शोषले जातात. त्यामुळे पोलादाचा मुख्य घटकच हातात धरण्याच्या साध्या उपकरणाला दिसत नाही! त्यासाठी न्यूट्रॉनांची मदत घेतात. न्यूट्रॉन विद्युतभाररहित असल्याने पोलादातून आरपार जाऊ शकतात. स्फटिकांवरून विखुरताना ते आतील लोह किती, सिमेंटाइट किती, हे सांगतात. त्यावरून कार्बनचा अंदाज बांधता येतो. लंडनच्या वॉलेस संग्रहातील भारतीय तलवारींचा अभ्यास अशा रीतीने झाला आहे. मुंबईत तुर्भे येथे १९८५ साली सुरू झालेल्या ‘ध्रुव’ अणुभट्टीवरही न्यूट्रॉन विखुरण्याचे संशोधन होत आले आहे.

पुरावा पुसू नका

हे सारे पुरावे पात्याच्या पृष्ठभागावर, एका मिलिमीटरच्याही आतल्या थरात लिहिलेले असतात. आणि नेमका तोच थर आपण दर खंडेनवमीला खरवडून काढतो! चिंच, लिंबू, विटकरीची भुकटी, घासकागद, आणि आता तर विजेवर फिरणारे सहाणेचे चाक. पाते आरशासारखे चकाकते, घरातली मंडळी खूश होतात. पण जौहर गेला, पितळेचा लांडगा गेला, सोन्याची अक्षरे गेली. चाकाच्या उष्णतेने धारेला दिलेले पाणीही उतरते.

तंजावरच्या मराठा राजांच्या शस्त्रागाराचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. १८५५ साली ते राज्य खालसा झाले. त्यानंतर काही वर्षांतच तेथील निवडक शस्त्रे मद्रासच्या संग्रहालयात गेली आणि उरलेली पुष्कळशी मोडून भंगाराच्या भावाने विकली गेली. निवडलेली शस्त्रे आज अभ्यासकांना शिकवतात. मोडीत गेलेल्यांनी काय शिकवले असते, हे कोणीच सांगू शकणार नाही.

काळजी घेणे मुळीच अवघड नाही. मऊ सुती कापडाने धूळ पुसावी. शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. उघड्या बोटांनी पाते धरू नये. घामातील मीठ गंजाला खतपाणी घालते. चामड्याच्या म्यानात ओल धरते, म्हणून पाते व म्यान वेगळे ठेवावे. कुंकू, शेंदूर वाहायचे ते मुठीवर किंवा म्यानावर वाहावेत.

कायद्याचीही माहिती हवी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो. शेतात नांगरताना काही मौल्यवान सापडले, तर १८७८ च्या गुप्तनिधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तलवार हे शस्त्रही आहे. म्हणून ती शाळेत नेऊ नये, मिरवणुकीत परजू नये, आणि शंका असेल तेथे वडिलांनी पोलीस ठाण्यात किंवा पुरातत्त्व खात्यात विचारावे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. संग्रह करायचा तो पात्यांचा नको, नोंदींचा करा. एका वहीत दर पानावर एक पाते: लांबी, रुंदी, दर १० सेंटिमीटरवरची जाडी, वजन, पन्हळींची संख्या, चिन्हाचे मापासह चित्र, पट्टी शेजारी ठेवून काढलेले छायाचित्र आणि घरातील आजोबा-आजींनी सांगितलेली हकिकत. हकिकत आणि मोजमाप यांचे रकाने मात्र वेगळे ठेवावेत. चोरीचे भय असते, म्हणून ही वही शाळेच्या कपाटात असावी. मालकाचे नाव चार लोकांत वाचून दाखवू नये. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात किंवा हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात सहल गेली, तर शस्त्रांच्या दालनात ही वही उघडून तुलना करता येईल.

रघूजींच्या फिरंगेवरील अक्षरे कोणीतरी जपली, म्हणून त्या तलवारीचा मालक आज आपल्याला कळतो. तुमच्या गावातील पात्यावर सोन्याची अक्षरे नसतीलही. पण त्याची जाडी, त्याच्या पन्हळी आणि त्याच्यावरचा एखादा पुसट लांडगा हाही लेखच आहे. तो वाचायला भिंग, व्हर्नियर आणि थोडा धीर लागतो. मात्र घासकागद आधी पोहोचला, तर वाचायला काहीच उरत नाही.